पुढलं दार

अँब्रोज डर्नफर्डने मागल्या दारावर टकटक केली आणि लगेच जीभ चावली.

न्यूफाउंडलंडच्या या बेटावर दार कुणी वाजवतं का? सरळ आत शिरायचं, किटली चुलीवर ठेवायची, मग विचारायचं, काय चाललंय. दार वाजवतात ते परके, नाहीतर पोलीस. आणि हा तर याच घरात वाढलेला.

"कोण परकं आलंय गं बाई?" आतून ड्रुसी मावशी ओरडली.

"मी गं, अँबी."

"मग दार कशाला बडवतोस मेल्या? मंत्री झालास नि रीत विसरलास!"

त्याने दाराशी बूट काढले, आत गेला. मावशी कॉड मासा साफ करत होती.

"मावशी, फेरीबोट बंद होतेय. उद्या जाहीर होईल. म्हटलं, आधी तुला सांगावं."

सुरी थांबली. बोट गेली की दवाखाना गेला, दुकान गेलं, बेटच गेलं. तीन निवडणुका अँब्रोजने याच स्वयंपाकघरात शब्द दिला होता, माझ्या जिवात जीव आहे तोवर बोटीला हात लावू देणार नाही.

"हे ठरलं त्या बैठकीत होतास तू?"

"होतो."

"काय बोललास?"

अँब्रोजचे कान तापले. "काही नाही. सगळ्यांबरोबर हात वर केला."

दोन शिव्या दे, थोबाडीत मार, पण बोल काहीतरी, असं त्याला झालं. मावशीने हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. तोही मागोमाग गेला. तिने खांदा लावून फुगलेलं पुढलं दार ढकललं. या दाराला पायऱ्या नाहीत. बेटावर कुणाच्याच पुढल्या दाराला नसतात. ते उघडायचं फक्त शवपेटी काढताना. मावशीच्या नवऱ्याची, काकाची पेटी इथूनच निघाली, तेव्हा खाली उभं राहून ती हातांवर घेणाऱ्यांत अँब्रोज होता.

"मावशी... बूट मागे राहिलेत माझे."

"मागलं दार घरच्यांचं, मंत्रिसाहेब. आपण इकडून जा."

'आपण' ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या खिडक्यांतले पडदे सरकले. खाली, कंबरभर अंतरावर, ओलं गवत. त्याने मोज्यांनिशी उडी मारली आणि गुडघ्यांवर आपटला.

"लागलं का रे अँबी?" मावशी एकदम बोलून गेली.

मग तिने दार लावून घेतलं.