पांढरी चकती

कारखान्याचे नमुने कायम कुरिअरने येतात. आज धाकटा भाऊ स्वतः डबी घेऊन प्रयोगशाळेत हजर झाला, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली.

"इकडूनच चाललो होतो," तो म्हणाला. प्रयोगशाळेच्या पुढे रस्ता कुठेच जात नाही.

डबीत नाण्याएवढी पांढरी चकती होती, भट्टीला आतून बसवायच्या नव्या विटेतून कापलेली. ती दोन्ही अंगांनी काळी करायची, म्हणजे प्रकाश नीट शोषला जातो. मग एका अंगावर लखकन प्रकाश मारायचा आणि दुसरं अंग तापायला किती वेळ लागतो ते बघायचं. जितका उशीर, तितकी वीट चांगली. वीट कच्ची निघाली तर भट्टीची भिंत फुटून पुढे उभी असलेली माणसं भाजतात. भाऊ त्या भट्टीवरच कामाला, म्हणून त्याच्या कारखान्याचा नमुना ताई डोळ्यांत तेल घालून तपासायची.

"लवकर पास कर की. घरचंच काम आहे."

"पास मी नाही करत, यंत्र करतं. तुला घाई कसली?"

"कसली घाई? सहज म्हटलं."

काळा थर देण्याआधी तिने स्पिरिटच्या बोळ्याने चकती पुसली. बोळा काळा झाला. उलटी करून पुसली, तरी तेच.

"नवी आहे ना रे ही?"

"एकदम करकरीत."

तिने बोळा त्याच्या नाकाखाली धरला. "कुणीतरी आधी तपासलीये ही."

"खिशात पेन्सिल होती, तिचं लागलं असेल."

"डबीच्या आत?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. लहानपणी काही फोडून आला की असाच बघायचा. ताईने बोळा खाली ठेवला.

"बाहेर किती चकत्या तपासून घेतल्यात?"

"पुष्कळ. ही एकच बरी निघाली."

"आणि बाकीच्या नापास विटा?"

"बसवून झाल्या भट्टीला. आता फक्त तुझ्या सहीचा कागद हवाय."

"अरे वेड्या, त्या भट्टीपुढे दिवसभर तूच उभा असतोस ना?"

भावाचा चेहरा खुलला. "आता नाही, ताई. साहेबांनी मला वर ऑफिसात घेतलंय. तुला सांगायचंच राहिलं."