काजूबागेतली वाट

"कातळ फोडायला सुरुंग लागतील, बाई. निम्मा साग विकलात तरी रस्ता पुरा होणार नाही," असं सांगून ठेकेदार निघून गेला. नलिनी डोंगराच्या पायथ्याशी एकटीच उभी राहिली. नवऱ्याच्या मागे तिनं डोंगरावरचं हे सागाचं रान जिवापाड राखलं होतं. यंदाच्या वणव्यात बंब खालीच अडकला, तेव्हापासून रस्त्याचं तिनं मनावर घेतलं होतं. पण त्यासाठी रानच विकायचं, तर रस्ता हवा कशाला?

दुसरी वाट सोपी होती, पण ती चुलत दीर भिकाजीच्या काजूबागेतून जात होती, आणि बांधाच्या भांडणापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. संध्याकाळी ती मन घट्ट करून त्याच्या अंगणात गेली. "भावोजी, मला बागेतून वाट हवी आहे. झाडं जातील त्याचं काय घ्याल ते सांगा."

भिकाजी मान खाली घालून सुपारी कातरत राहिला. उगाच आले, असं तिला वाटलं.

"झाडांचं राहू दे, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "आईला तुमच्या रानातल्या वरच्या झऱ्याचं पाणी प्यायचंय. तिला चढवत नाही, आणि मी तुमच्या हद्दीत पाऊल टाकत नाही. रस्ता झाला की तिला गाडीतून नेऊन आणा."

नलिनीचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही?"

"तिला धरून बसायला कुणीतरी लागेलच," तो म्हणाला, आणि त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं.

कितीतरी वर्षांनी नलिनी त्या ओटीवर निवांत टेकली.