फायनलचा गडी

मुलीच्या सोसायटीचं फाटक उघडायला लंगडत आलेल्या वॉचमननं एकदम टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. "जय हिंद, साहेब! मी साताप्पा. आपल्या पलटणीच्या व्हॉलीबॉल टीममधला."

निवृत्त सुभेदार गावसांनी चेहऱ्याआधी तो गुडघा ओळखला. पलटणीत असताना नाईकपदाच्या बढतीच्या कोर्ससाठी साताप्पाची निवड झाली आणि नेमकी त्याच आठवड्यात फायनल आली. टीम सुभेदारांकडे होती. त्यांनीच त्याचं नाव मागं घ्यायला लावलं. "कोर्स काय रे, पुढच्या वर्षी होईल." फायनलमध्ये पलटणीला कप मिळाला आणि साताप्पाचा गुडघा गेला. अधू गुडघ्याला पुढं कोण कोर्सला धाडणार? शिपाई म्हणून भरती झालेला गडी शिपाई म्हणूनच घरी गेला.

आता तरी माफी मागावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण तोवर साताप्पा त्यांना न्यायला खाली आलेल्या मुलीकडे वळला होता.

"ताई, मला कोर्सचं बोलावणं आलं होतं, पण साहेबांनी सोडलं नाही. म्हणाले, साताप्पाशिवाय टीम मैदानात उतरणार नाही. एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही बघा."