खड्ड्यातला पाहुणा

मोशीच्या माळावर कारखान्याच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात लांडगा पडला आणि ज्योतीराम धनगरानं मोठ्या शहाणपणानं फॉरेस्ट ऑफिसात वर्दी दिली. गार्ड म्हणाला, “नवा कायदा आलाय. पिंजरा येईस्तोवर जनावर जगलं पाहिजे. उपाशी मेलं तर केस तुझ्यावर.” पिंजरा काही येईना. ज्योतीराम दिवसाआड आपल्याच कळपातली एकेक मेंढी खड्ड्यात सोडत राहिला. “जावयाचा बी एवढा पाहुणचार केला न्हाई आपण,” बायको म्हणायची. पंधरवड्यानं गार्ड रिकाम्या हातानं उगवला. आत डोकावला. लांडगा तुकतुकीत झालेला, ज्योतीरामला बघून शेपूट हलवत होता. “हा तर तू पाळलायस की. विनापरवाना जंगली जनावर पाळणं गुन्हा आहे,” म्हणत गार्डनं कागद काढला. “मालक ज्योतीराम. जनावराचं नाव?” ज्योतीरामनं उरलेल्या कळपाकडे पाहिलं. सात मेंढ्या गेल्या होत्या. तो म्हणाला, “सरकार म्हणून लिवा.”