तयार इतिवृत्त

विभागप्रमुख मतदानानेच निवडा, डीनचा मेहुणा नको, म्हणून कैरोतल्या त्या कॉलेजात फिक्री सर मरेपर्यंत भांडले. आज बैठकीत सगळ्यांनी गेलेल्या सरांसाठी फातिहा पढला, डीनने डोळेसुद्धा पुसले, आणि लगेच चहाबरोबर इतिवृत्त फिरलं. नेहमीसारखं आधीच टाइप केलेलं, जुन्यावरून उतरवलेलं! मतदान सोडा, चर्चाही नाही, आणि त्यात मेहुणा एकमताने विभागप्रमुख! सगळे न वाचता सह्या करत सुटले. सरांची विद्यार्थिनी रग्दा, तिथली सगळ्यांत धाकटी प्राध्यापिका, तिने मात्र वाचलं. ठराव मांडणारे: प्राध्यापक फिक्री! “कर की सही, पोरी, चहा गार होतोय,” डीन हसत म्हणाला. रग्दा उठली. सरांच्या रिकाम्या खुर्चीपुढे तिने कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं. “ठराव यांनी मांडलाय ना? मग आधी यांची सही घ्या, डीनसाहेब. आम्ही थांबतो.”