पेन्सिलीच्या रेघा

दुकानात धारेचा नवा दगड आला आणि म्हाताऱ्या न्हाव्याने तो मुलाऐवजी सुनेच्या हातात ठेवला. मुलाच्या पोटात दुखू लागलं. धार मी लावतो म्हटलं, की बाप म्हणे, “हात बसला नाही अजून!” सुनेने दगडावर पेन्सिलीने रेघा मारल्या. “नवा दगड सपाट नसतो, सूनबाई. सगळ्या रेघा जाईपर्यंत पॉलिशपेपरवर घास,” म्हातारा म्हणाला. ती घासता घासता पाणी आणायला आत गेली. मधल्या खळग्यात रेघा तशाच होत्या. मुलाने थुंकी लावून त्या अंगठ्याने पुसून टाकल्या. तिला वाटलं, दगड सपाट झाला, आणि तिने वस्तऱ्याला धार लावली. आता गिऱ्हाईक कसं बोंबलतं बघू, म्हणत हा गालातल्या गालात हसला. म्हाताऱ्याने मुलाचा काळा अंगठा पाहिला आणि खुर्ची झटकली. “ये, बस बाळा. नव्या धारेची पहिली दाढी तुझी.”