व्याह्यांच्या दारातली झिगुली

“गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवा. दारात नेऊ नका. आणि बाबांना म्हणावं, गाडीपाशी कुणीतरी हवं.”

बायकोचे, मुनाव्वरचे, सकाळचे शब्द सोबिरच्या कानात होते. गेल्या आठवड्यात बायका लेकीचं होणारं सासर बघून आल्या होत्या. दारात पांढरी, आरशासारखी गाडी उभी असते, एवढंच तिने आल्यावर सांगितलं होतं. आज पुरुषांची पाळी होती.

पुलावाची परात रिकामी झाली. अदहम व्याह्यांनी स्वतः चहा ओतला; मानाचा म्हणून अर्धाच पेला.

“आजोबा नाही आले?”

“गुडघा धरलाय त्यांचा. घरीच आहेत.”

“लग्नाला मात्र खांद्यावर घालून आणू. आमच्याकडे आजोबांनी हात पसरून दुआ दिल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. पहिला मान त्यांचा.”

सोबिरने मान हलवली. ते आजोबा, म्हणजे त्याचे वडील तोलिबबाबा, गल्लीच्या तोंडाशी, तुतीच्या झाडाखाली, जुन्या रशियन झिगुली गाडीत बसून होते.

निघताना अदहम त्याच्यासोबत दाराबाहेर आले. पाहुण्याला उंबऱ्यावर सोडून कोकंद गावात कुणी आत वळत नाही. गाडीपर्यंत जायचं, गाडी हलेपर्यंत उभं राहायचं. सोबिरही जन्मभर हेच करत आला होता. गाडी लपवताना नेमकं तेवढंच तो विसरला होता.

“गाडी कुठे तुमची?”

“दुरुस्तीला दिलीय. टॅक्सी मिळेल की कोपऱ्यावर.”

“छे! आमची काढतो.”

“नको, नको व्याहीबुवा. उगाच कशाला.”

सोबिरच्या दोन्ही हातांत नान-रोट्यांची आणि मिठाईची गाठोडी होती. ती बाबांना लांबून दिसली असावीत. झिगुली खोकत गल्लीत शिरली.

“ही बघा, आलीच!” अदहमनी हात केला. या गावात हात केला की कुठलीही जुनी गाडी टॅक्सी असते. “काका, चोरसूला जाणार?”

तोलिबबाबांनी सोबिरकडे पाहिलं. सोबिरने गाठोड्यांकडे पाहिलं.

“जाऊ की,” बाबा म्हणाले.

अदहमनी पाहुण्यासाठी मागचं दार ओढलं. दार हललं नाही. सोबिरने गाठोडी एका हातात घेतली, सवयीने दाराला गुडघा टेकवला, कडी वर उचलली. दार उघडलं.

“वा! तुम्हाला बरी खुबी ठाऊक!”

“सगळ्या झिगुल्या सारख्याच,” सोबिर म्हणाला आणि मागे बसला.

इतक्यात अदहमची म्हातारी आई काठी टेकत आली. ड्रायव्हरच्या खिडकीतून तिने एक गरम नान आत दिला.

“तुझ्याही पोटात काही पडू दे, बाबा. किती वेळ तुतीखाली बसलेला दिसत होतास. गिऱ्हाईक नाही वाटतं आज?”

“होतं. वाट बघत होतो.”

“उद्या बुधवार. माझा दर्ग्याचा नेम आहे. चार बुधवार चुकले. नेशील मला?”

“आई!” अदहम ओशाळले. “घरात गाडी असताना?”

“तुझी गाडी धुळीला भिते रे. पोरं म्हणतात, आजी, रस्ता खराब आहे. नेम काय डांबर बघून करायचा?” ती पुन्हा खिडकीत वाकली. “येशील ना?”

सोबिरने तोंड उघडलं. अदहम हसतमुखाने, छातीवर हात ठेवून, त्याच्याकडे बघत उभे होते. सोबिरने तोंड मिटलं.

“येईन, आई. फजरची नमाज झाली की येतो. नेम मोडू नये,” बाबा म्हणाले.

गाडी वळणाआड जाईपर्यंत माय-लेक उभे होते.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग बाबांनी एका हाताने नान मोडला आणि मोठा तुकडा खांद्यावरून मागे दिला.

“मुलगा कसा वाटला?”

“चांगला आहे.”

“घर?”

“चांगलं आहे.”

“मग झालं.”

तुकडा सोबिरच्या मुठीत राहिला. आरशात बाबांचे डोळे दिसत होते, म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

पहाटे तो अंगणात आला तेव्हा बाबा नमाज आटोपून गाडी पुसत होते. धुऊन वाळवलेली टोपी डोक्यावर होती. मागच्या सीटवर त्यांनी घरातली कापसाची गादी घडी करून घातली होती.

“बाबा, मी फोन करतो त्यांना. सांगतो खरं काय ते.”

“आज? लग्न तोंडावर आलंय. लोक म्हणतील, ज्याने बाप लपवला त्याने मुलीचं काय काय लपवलं असेल! पोरीच्या वाट्याला टोमणे नकोत.”

“पण आता ते तुम्हाला टॅक्सीवाला म्हणून ओळखतात. लग्नात…”

“लग्नात कशाला येऊ मी? पोरीला घरातून निघतानाच दुआ देईन. दुआला काय, कुठूनही दिली तरी पोचते.”

सोबिर एक पाऊल पुढे आला. बाबा वाकले, पायाशी ठेवलेलं काहीतरी त्यांनी फडक्यातून काढलं आणि टपावर नीट मधोमध बसवलं. टॅक्सीचा पिवळा दिवा होता, शेजाऱ्याकडून मागून आणलेला. वायर त्यांनी खिडकीतून आत घेतली आणि जोडली.

“बघ रे, लांबून दिसतोय का?”

दिवा अंधारात पिवळाधमक पेटला होता.

“दिसतोय,” सोबिर म्हणाला.

“मग निघतो. म्हातारी खोळंबली असेल.”